आवाज चांगला आहे म्हणतात, पण शिकायचं कुठे आणि काम मिळवायचं कसं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, मदत हवी आहे

निळीशाई | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

मी कळव्याची, वय ३४. नऊ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. लॉकडाऊनमध्ये वर्गातल्या मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. त्या फिरत फिरत दुसऱ्या शाळांतही गेल्या आणि "बाई, तुम्ही रेडिओवर पाहिजे होतात" असे निरोप येऊ लागले. गेल्या वर्षी घरच्या कारणाने नोकरी सोडली, तेव्हा ठरवलं की आता हे व्हॉइस ओव्हरचं, म्हणजे जाहिराती-फिल्मना आवाज देण्याचं काम नीट शिकायचं.

एका कोर्सला २८,००० रुपये भरले. चार शनिवार-रविवार होते. शेवटी 'प्रोफेशनल डेमो' हातात मिळाला. नंतर कळलं की बॅचमधल्या आम्हा चौदाही जणांना तीच पाच स्क्रिप्ट दिली होती, मागचं म्युझिकही तेच. अंधेरीच्या एका स्टुडिओत डेमो ऐकवला तर तिथले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ही चहाची जाहिरात मी या महिन्यात चौथ्यांदा ऐकतोय." परत येताना घाटकोपरच्या पुलावर बराच वेळ नुसती उभी होते.

आठ महिन्यांत दोनशेच्या आसपास मेल पाठवले. कामं मिळाली तीन. एका क्लासची जाहिरात ८०० रुपयांत, एका सोसायटीच्या लिफ्टमधली सूचना फुकट, आणि एका एजन्सीसाठी तीस सेकंदांचा स्क्रॅच. 'हा फक्त अंदाज घ्यायला, अंतिम आवाज दुसऱ्याचा असेल' असं सांगून तो घेतला होता. दिवाळीत रिक्षातून जाताना रेडिओवर तीच जाहिरात लागली आणि आवाज माझाच होता. फोन केला तर आधी "बघतो" म्हणाले, मग उचलणंच बंद केलं.

रेकॉर्डिंग बेडरूमच्या कपाटात करते, कपड्यांच्या मधे माइक ठेवून. पण रूळ जवळ आहेत. महागडा फोम आणून भिंतीला लावला, तरी गाडी गेली की ऐकू येतेच. आणि हल्ली दोन-तीन तास सलग रेकॉर्ड केलं की संध्याकाळपर्यंत आवाज बसतो.

मला खरंच हे काम करायचं आहे. अजून काय शिकायला हवं, आणि रोज अंधेरी-मालाडला खेपा न घालता काम मिळू शकतं का, ते सांगा. डेमोची लिंक प्रोफाइलमध्ये ठेवली आहे. स्पष्ट मत दिलंत तरी चालेल.

---

गोखलेरोडकर | मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, फोमचं आधी सांगतो, कारण त्यात बहुतेकांचे पैसे जातात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं आणि आतला आवाज घुमू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम फक्त दुसरं काम करतो. बाहेरचा आवाज अडवायला जडपणा लागतो. जाड भिंत, भरलेलं पुस्तकांचं कपाट, खिडकीला दुसरी काच, फटींना रबरी पट्टी. रुळांची घरघर तर जमिनीतूनही येते, तिच्यापुढे फोम काहीच करत नाही.

तुमचं कपड्यांचं कपाट उत्तम आहे, ते सोडू नका. पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगा, कारण तोंडातून निघालेला आवाज समोरच्या कपड्यांत जिरतो आणि मागच्या भिंतीवरून परत येतो तोच माइकमध्ये जातो. कंडेन्सर माइक असेल तर तो शेजारच्यांचा मिक्सरसुद्धा टिपेल. अशा खोलीत कमी संवेदनशील असलेला डायनॅमिक माइक बरा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन्ही ऐकून बघा, नुसतं ऑनलाइन मागवू नका. माइक तोंडापासून एक वीतभर, आणि नाकासमोर नको, किंचित बाजूला. आपल्या मराठीत फ, भ, ख, ठ भरपूर, त्यांची हवा थेट माइकवर आदळते.

आणि एक सवय लावून घ्या. सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करायची. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली दिसली पाहिजे. ऑडिओबुकसाठी साधारण तेवढीच मागतात. व्हिडिओच्या कामाला रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट ठेवा.

---

पडद्यामागे | मंगळवार, दुपारी ३:२०

तुमचा डेमो दोनदा ऐकला. मी डबिंग डायरेक्शन करतो, सतरा वर्षं झाली, राहायला ठाण्यात. तुम्ही स्पष्ट बोला म्हणालात म्हणून लिहितो.

तुमचा आवाज खरोखर चांगला आहे. पण चांगल्या आवाजाची माणसं माझ्याकडे रोज येतात. मला कमी पडतात ती वाक्य समजून बोलणारी माणसं. डेमोमध्ये तुम्ही प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ उच्चारता, वाक्याच्या शेवटी सूर थोडा वर नेता आणि एक क्षण थांबता. हे वर्गातलं बोलणं आहे. समोर चाळीस मुलं असतील आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं असेल तर ते बरोबरच. माइकसमोर मात्र एकच माणूस असतो, तोही हातभर अंतरावर.

एक प्रयोग करा. "आज दुपारी पाणी येणार नाही." एवढंच वाक्य. आधी ते शेजारणीला ग्रिलमधून सांगा, तिच्या हातात कपड्यांची बादली आहे. मग सासऱ्यांना सांगा, त्यांना कमी ऐकू येतं आणि त्यांची अंघोळ व्हायची आहे. मग नवऱ्याला सांगा, त्याला सकाळीच सांगितलं होतं आणि तो विसरला. मग सोसायटीच्या सेक्रेटरीची सूचना म्हणून वाचा. चारही रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. डोळे मिटून कोणतं वाक्य कोणासाठी होतं ते ओळखता आलं पाहिजे. ओळखता आलं नाही तर पुन्हा. शब्द एकही बदलायचा नाही, आवाज मुद्दाम जाड-बारीकही करायचा नाही. मी नवीन मुलांना पहिला महिना हेच करायला लावतो. काही जण कंटाळून जातात. जे राहतात ते पुढे टिकतात.

दुसरं म्हणजे कान. तुम्ही शिक्षिका आहात, तरी 'चिंच' मधले दोन्ही च तुम्ही सारखेच म्हटलेत. पहिला तालव्य, 'चहा'मधला, दुसरा दंततालव्य, 'चूल'मधला. 'चार' आणि 'चारा', 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, यांत लिपी काहीच मदत करत नाही, कानानेच धरायचं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक बोलण्यात गेला की कोकणावरच्या माहितीपटात समुद्राच्या जागी दरी येते. हिंदी ऐकून ऐकून हे सगळं सपाट होत चाललंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ग्राहकाला नेमकं सांगता येत नाही काय चुकलं, तो एवढंच म्हणतो की 'मराठी जरा डब केल्यासारखं वाटतंय'.

डबिंगमध्ये यायचं असेल तर तिसरी गोष्ट ओठांची. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटतात आणि पडद्यावर ते दिसतं. मूळ पात्राचे ओठ वाक्याच्या शेवटी मिटले आणि आपलं भाषांतर "पुढे जाऊ नकोस" असेल, तर तोंड उघडंच राहतं. तिथे "पुढे नको, थांब" केलं की बसतं. हे काम लेखकाचं असलं तरी माइकसमोर उभ्या कलाकाराला ते आयत्या वेळी सुचलं तर डायरेक्टर त्याला पुन्हा बोलावतो. पूर्वी एका माइकभोवती चार-पाच जण उभे राहून सीन करायचे, आता प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. समोरच्याचं उत्तर तुम्हाला मूळ परक्या भाषेतच ऐकू येतं आणि त्यावर भांडायचं, रडायचं, हसायचं असतं. म्हणून सुरुवात क्राउडपासून होते. बाजारातली गर्दी, लग्नातली कुजबुज, धापा, हुंदके. ते कमी लेखू नका. मी माणसं तिथेच हेरतो.

---

अण्णा_चरई | मंगळवार, सायंकाळी ७:१०

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण एक भर घालतो. कोर्सपेक्षा नाटक करा. आमच्या पिढीने माइक नसताना गडकरी रंगायतनच्या बाल्कनीपर्यंत आवाज पोचवायला शिकलं. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत श्वास, पल्ला आणि शब्दफेक आपोआप येते. ठाण्यात अभिवाचनाचे गट आहेत, तिथे बसा. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आपल्या गावात आहे, त्याचं सभासदत्व घ्या आणि रोज अर्धा तास मोठ्याने वाचा. एक दिवस दलित आत्मकथन, एक दिवस विनोदी लेख, एक दिवस कायद्याचं पुस्तक. लेखक बदलला की श्वासाच्या जागा बदलतात.

आकाशवाणीचीही चौकशी ठेवा बेटा. नाटकासाठी स्वरचाचणी असते, नैमित्तिक निवेदकांच्या जाहिराती निघतात. त्या चाचणीची तयारी करतानाच माणूस निम्मं शिकतो.

---

पडद्यामागे | मंगळवार, रात्री ९:३०

अण्णा, आदर ठेवून सांगतो, नाटकवाल्यांना माइकसमोर उभं केलं की पहिले दोन दिवस मी त्यांना कमी करायलाच सांगत असतो. पल्ला इथे आड येतो. पण श्वास आणि पात्राची समज नाटकातूनच येते हे शंभर टक्के मान्य. अभिवाचनाचा मुद्दा तर फारच पटला, कारण तिथे हातात कागद असतो आणि तरी बोलायचं असतं. आमचं कामही तेच.

---

हळदीकुंकू२२ | मंगळवार, रात्री १०:१५

आवाज हा जन्मजात असतो ना पण? माझा बारीक आहे, त्यामुळे मी विचारच सोडून दिला होता.

---

पडद्यामागे | मंगळवार, रात्री १०:५०

अजिबात सोडू नका. बारीक आवाजाला कार्टून, लहान मुलांची पात्रं, किशोरवयीन मुली, ई-लर्निंग असं कितीतरी काम आहे. लहान मुलाला रात्री उशिरापर्यंत स्टुडिओत बसवता येत नाही, म्हणून त्याचा आवाज बहुतेक वेळा मोठी बाईच देते. आणि शरद केळकरांनी आपण लहानपणी अडखळत बोलायचो हे जाहीरपणे सांगितलं आहे. २०१५ च्या हिंदी 'बाहुबली'मध्ये प्रभासचा आवाज त्यांचाच. शब्दावर अडणाऱ्या मुलाने तिथवर मजल मारली हे मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगतो.

---

स्वरयंत्र | बुधवार, सकाळी ७:४५

निळीशाई, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, नेरूळला असते. तुमच्या रेकॉर्डिंगबद्दलच्या परिच्छेदातली शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. संध्याकाळपर्यंत आवाज बसतो ही सवयीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. नऊ वर्षं वर्गात मोठ्याने बोललेल्या शिक्षिकांमध्ये स्वरतंतूंवर गाठी सापडणं मुळीच दुर्मीळ नाही. तीन आठवड्यांहून जास्त आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. लवकर कळलं तर बऱ्याचदा नुसत्या उपचार-व्यायामाने सुधारतं.

तोवर सलग तीन तास नको. चाळीस मिनिटं काम, दहा मिनिटं पूर्ण मौन. कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, बऱ्याच जणांच्या घशावर त्याने उलट ताण येतो. पाणी रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधी पिऊन स्वरतंतूंना काही मिळत नाही, ते दोन-तीन तास आधीपासून हवं. सुरुवातीला ओठ फुरफुरवा, मिटल्या तोंडाने गुणगुणा, पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून त्यातून 'ऊ' काढा. पाच मिनिटं पुरतात. घसा सारखा खाकरायची सवय असेल तर त्याऐवजी एक घोट गिळा. आणि ॲसिडिटी होते का ते बघा. रात्री उशिरा जेवून लगेच झोपणाऱ्यांचा सकाळचा आवाज जड असतो, त्याचं मूळ पुष्कळदा पोटात निघतं.

---

टीटीसीवाला | बुधवार, दुपारी १:३०

आता कामाचं बोलतो. ताई, तुम्ही दोनशे मेल अंधेरीकडे तोंड करून पाठवलेत. एकदा मागे वळून ठाणे-बेलापूर रस्त्याकडे बघा.

मी महापेच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होतो. आज माझं साठ टक्के उत्पन्न मराठी आवाजातून येतं आणि डबिंगचं काम मी आयुष्यात केलेलं नाही. टीटीसीच्या, म्हणजे या रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात आणि तळोज्याला शेकडो कारखाने आहेत. तिथे नवीन कंत्राटी कामगार आला की गेटपासच्या आधी त्याला सुरक्षेची फिल्म दाखवतात. त्या फिल्मचं मराठी कसं असतं ते मी स्वतः रोज ऐकत होतो. "श्वसनसंरक्षक उपकरण परिधान करणे अनिवार्य आहे." जालन्याहून रात्रीच्या गाडीने आलेला वीस वर्षांचा मुलगा, झोप झालेली नाही, बाकावर बसून ते बघतोय. त्याच्या डोक्यात त्यातलं काय उतरणार? एकदा मी साहेबांना विचारून तेच वाक्य बदलून माझ्या आवाजात घातलं. "मास्क लावलास? आता दोन्ही हातांनी दाबून बघ. कडेने हवा येत असेल तर आत जायचं नाही." त्या दिवशी बाकावरच्या पोरांनी खरंच हात वर करून मास्क दाबून पाहिले. मी दारात उभा राहून ते बघितलं. हे काम सोडायचं नाही हे मी तिथेच ठरवलं.

तर अशी कामं कोण देतं? कारखान्याचा सुरक्षा अधिकारी, ऐरोली-महापे-वाशीच्या ई-लर्निंग कंपन्यांतला प्रोजेक्ट मॅनेजर, वागळे इस्टेटमधले छोटे व्हिडिओवाले, घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलांचे मार्केटिंगवाले. यातल्या एकालाही 'बहुपैलू आवाज' नको असतो. त्याला गुरुवारपर्यंत बारा मिनिटांचं मराठी हवं असतं, आकडे न चुकता. 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' न अडखळता म्हणणारी माणसं किती कमी आहेत हे तुम्हाला हळूहळू कळेल. शिक्षिका म्हणून तुमचं तिथे आधीच जमलेलं आहे.

डेमो मोडून पुन्हा करा. सगळं एकात कोंबू नका. प्रशिक्षणाचा वेगळा, जाहिरातीचा वेगळा, गोष्टीचा वेगळा, प्रत्येक एक मिनिटाच्या आत. सगळ्यात चांगला तुकडा पहिल्या दहा सेकंदांत, कारण माणूस तेवढंच ऐकतो. सुरुवातीला 'नमस्कार, मी अमुक' नको. दुसऱ्याचं स्क्रिप्ट नको, ब्रँडचं खोटं नाव घेऊन केलेली जाहिरातही नको. स्वतः लिहा. फाइलला 'फायनल न्यू २' असं नाव देऊ नका. तुमचं नाव, भाषा, प्रकार आणि फोन नंबर फाइलच्या नावातच असू दे. सहा महिन्यांनी कोणी फोल्डरमध्ये शोधलं तर सापडलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवताना ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर आवाज दाबला जातो आणि सगळी मेहनत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते.

मेल तीन ओळींचा. माझा असा असतो: "तुमच्या अमुक विषयावरच्या ट्रेनिंग व्हिडिओची इंग्रजी आवृत्ती पाहिली. त्यातल्या पहिल्या तीस सेकंदांचं मराठी करून सोबत पाठवलं आहे. उपयोगी वाटलं तर पूर्ण व्हिडिओ दोन दिवसांत देऊ शकतो, घरून रेकॉर्ड करतो, दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या आहेत." बस. एका मेलला मला दीड तास लागतो, पण दोनशे मेलपेक्षा असे दहा मेल जास्त काम आणतात. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदाच आठवण, आणि तीही काहीतरी नवीन ऐकवण्याच्या निमित्ताने.

गूगलवर स्वतःची व्यवसाय म्हणून नोंद करा. 'मराठी व्हॉइस ओव्हर ठाणे' असं शोधणारी माणसं आहेत. मला दोन हॉस्पिटलं तिथूनच मिळाली.

---

घणसोलीची_लेक | बुधवार, रात्री ८:५५

मला एक वेगळं सांगायचं आहे. मी आगरी आहे. कॉलेजात 'ण' ला 'न' आणि 'ळ' ला 'ल' म्हटलं की हसायचे, म्हणून मी पाच-सहा वर्षं खपून प्रमाण मराठी घोटलं. त्याचा पश्चात्ताप नाही, तेही कामाला आलंच. पण मला पहिलं मोठं काम मिळालं ते आगरीसाठी. एका आरोग्य मोहिमेचा संदेश गावठाणांत आणि कोळीवाड्यांत वाजवायचा होता, आणि त्यांना खरी बोलणारी बाई सापडत नव्हती. येणाऱ्या सगळ्या जणी आगरी म्हणजे विनोद समजून हेल काढत होत्या. मी माझी आजी भाजीवाल्या भावाला समजावते तसं बोलले. एकाच टेकमध्ये झालं.

जाहिरातींत आमची भाषा फक्त हसायला वापरतात याचा मला मनापासून राग येतो. त्या भाषेत आजारपण, भांडण, मायाही असते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी बोलतात त्यांनी त्या भाषेचा वेगळा डेमो जरूर ठेवा. नक्कल करणारे पुष्कळ मिळतात. घरात ती भाषा बोलणारा माणूस शोधावा लागतो.

---

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी १०:००

पैशांचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी सीए आहे, कलाकारांचे हिशेब बघतो.

आवाजाचे पैसे फक्त किती सेकंद बोललात यावर ठरत नसतात. तो कुठे, किती काळ आणि कोणत्या माध्यमात वाजणार यावर ठरतात. गल्लीतल्या दुकानाच्या स्पीकरवर एक महिना आणि टीव्हीवर राज्यभर एक वर्ष यांचा दर एक असूच शकत नाही. म्हणून काम घेताना मेलवर चार गोष्टी लिहून घ्या: माध्यम, प्रदेश, मुदत, आणि मुदत संपल्यावर पुन्हा वापरायचं असेल तर नवीन रक्कम. स्क्रॅच देताना स्पष्ट लिहा, 'हा आवाज प्रसारणासाठी नाही, प्रसारित केल्यास पूर्ण मानधन देय'. ऑडिशनची फाइल पाठवताना मधे एक हलका बीप टाकून ठेवला तर उत्तम. तुमच्याकडे त्या एजन्सीच्या 'फक्त स्क्रॅच' या शब्दांचा मेल किंवा मेसेज असेल तर आजच त्याचा आधार देऊन बिल पाठवा, आणि सोबत रजिस्टर्ड पोस्टाने पत्र.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी करा, ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने तुम्हाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर व्याजही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की पुष्कळांचे फोन आपोआप लागायला लागतात. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला असेल तर तो आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतोय ना हे बघा. विवरणपत्र भरलं नाही तर तो परत मिळत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची काळजी नको.

आणि सगळ्यात नवं संकट, एआयचं. हल्ली करारात एक ओळ असते की 'रेकॉर्डिंग कोणत्याही तंत्रज्ञानासाठी वापरण्याचा हक्क'. याचा अर्थ तुमच्या आवाजाची प्रत तयार करून ती पुढची दहा वर्षं बोलवता येईल. ती ओळ खोडा आणि त्याजागी लिहा की माझ्या लेखी परवानगीशिवाय या आवाजावरून कृत्रिम आवाज तयार करता येणार नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम मनाई दिली. आपण काही त्यांच्याएवढे प्रसिद्ध नाही, म्हणून आपल्याला कोर्टाच्या आधी कागदच उपयोगी पडतो.

कुणी ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा 'पोर्टफोलिओ'साठी पैसे मागितले तर फोन ठेवा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

---

निळीशाई | गुरुवार, रात्री ११:१५

तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ काढून लिहिलंत, काय बोलू कळत नाही. अण्णा, संग्रहालयाचं सभासदत्व शनिवारीच घेते. स्वरयंत्र ताई, डॉक्टरांची वेळ घेतली. हिशेबनीस दादा, तो मेसेज सापडला, "ताई फक्त स्क्रॅच" असं स्पष्ट लिहिलंय त्यात. उद्या बिल करते.

पाण्याचं वाक्य काल रात्री केलं. आज ऐकलं तर सासरे आणि सेक्रेटरी एकसारखेच वाटले.

---

पडद्यामागे | शुक्रवार, सकाळी ९:००

छान. ते तुम्हाला ऐकू आलं हे महत्त्वाचं. करत राहा.

---

निळीशाई | चोवीस दिवसांनी, रात्री ३:५०

जागीच आहे म्हणून लिहिते. शेवटची लोकल गेल्यावर दीड ते साडेतीन ही माझी नवी वेळ आहे. मधे एखादी मेल गाडी जाते, तेवढं थांबायचं. उठते तेव्हा आधी पेल्यात स्ट्रॉ. कपाटाच्या दारावर मुलीची शाळेतली जुनी पाण्याची बाटली टांगली आहे, वाक्य तिच्याकडे बघून बोलते, म्हणजे समोर एकच माणूस राहतो.

डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. दोन्ही बाजूंना सुरुवातीच्या गाठी आहेत. ऑपरेशन नको, सहा आठवडे व्यायाम. दिवसाला चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोनच बैठका करते. आवाज आता संध्याकाळीही टिकतो.

स्क्रॅचचे पैसे पूर्ण नाही आले. बिल आणि पत्र गेल्यावर निम्मे आले, बाकीच्यासाठी उद्यम क्रमांकासह दुसरं पत्र टाकलंय.

टीटीसीवाला दादा, तुमच्या पद्धतीने अकरा मेल पाठवले. दोन उत्तरं आली. एक नकार, पण 'पुढच्या तिमाहीत विचारा' असा. दुसरं रबाळ्याच्या एका कंपनीचं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांसाठी नऊ मिनिटांची फिल्म आहे, मराठी मजकूरही मीच सुधारून द्यायचा. माध्यम, मुदत, एआय सगळं मेलवर लिहून घेतलं. ते म्हणाले, आतापर्यंत कुणी हे विचारलंच नव्हतं.

त्यातला पहिला मिनिट आणि गोष्टीचा नवा डेमो प्रोफाइलमध्ये टाकलाय. पडद्यामागे दादा, वेळ मिळाला तर ऐकाल का?

---

टीटीसीवाला | चोवीस दिवसांनी, सकाळी ६:४०

"मागे बघ, माणूस आहे का" या वाक्याला मी खुर्चीत बसल्या जागी मागे बघितलं. अभिनंदन ताई.

---

पडद्यामागे | चोवीस दिवसांनी, दुपारी २:१०

ऐकलं. फोर्कलिफ्टवाल्यात वर्ग संपला आहे, समोर एकच माणूस आहे. गोष्टीच्या डेमोमध्ये आजी आणि नातू दोघंही आवाज न बदलता वेगळे झालेत.

चाळिसाव्या सेकंदाला 'चिंच' परत घ्या. दुसरा च अजून तालव्यच येतोय. बाकी पुढच्या बुधवारी मालाडला क्राउडचं काम आहे, सहा बायका हव्या आहेत, सकाळी दहा ते दुपारी दोन. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो. येताना पाणी आणि सफरचंद आणा, तोंड कोरडं पडलं की जिभेचा टकटक आवाज येतो, त्यावर सफरचंद चांगलं.